दोन हातांचा फ्लाय रॉड: १३ फुटी की १५ फुटी?

राजापूरकर_उत्तरेत:
मी ॲबर्डीनला असतो. लहानपणी अर्जुना नदीवर गरीला गांडूळ लावून बसायचो, तेवढंच बाळकडू. इथे चार वर्षं ९ फुटी एकहाती रॉडने डॉन नदीवर ट्राउटच्या मागे आहे. आता सॅमनचं खूळ डोक्यात शिरलंय, म्हणून डी नदीचं परमिट काढलं.

गेल्या शनिवारी ओळखीच्या एका म्हाताऱ्या गिलीने (नदीच्या त्या पट्ट्याचा राखणदार) आपले तीन दोनहाती रॉड हाताळायला दिले: साडेबारा फुटी ७ नंबर (नंबर म्हणजे रॉडला किती जड लाइन लागते ते), १३ फुटी ८ नंबर आणि १५ फुटी १० नंबर. अर्थातच मी आधी १५ फुटीवर झडप घातली. वाटलं, आता लाइन थेट पलीकडच्या काठाला. ती पडली माझ्याच पायाशी, शेवयांच्या गुंत्यासारखी. दुपारपर्यंत उजवा खांदा कामातून गेला. साडेबारा फुटीने तीन फेकी झकास गेल्या, पण कशा गेल्या ते मलाच कळलं नाही.

पुढे सिंगल स्पे (लाइन पूर्ण मागे न नेता, पाण्याला टेकवून पुढे फेकायची पद्धत) करताना फ्लाय (हुकावर बांधलेली खोटी माशी) कानाजवळून सूं करत आली आणि टोपीत रुतली. वारा प्रवाहाच्या दिशेनेच होता, मी डाव्या काठावर. एकदा तर फेकीबरोबर रॉडचा शेंड्याचा तुकडाच सुटून लाइनवरून घसरत पाण्यात गेला. गिली काही बोलला नाही, नुसता पाइप भरत राहिला.

तर कुठला घेऊ? आणि माझ्याकडे ८ नंबरची एकहाती लाइन आहे, ती १३ फुटीला चालेल ना? पैसे वाचतील.

गोधडी:
लाइन चालणार नाही, हे आधी. नंबर सारखा दिसला तरी हिशोब वेगळा. एकहाती ८ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. दोनहाती ८ नंबरला त्याच्या दुपटीहून जास्त वजन लागतं. तुझ्या लाइनने तो रॉड वाकणारसुद्धा नाही. रॉडवर ग्रेन किंवा ग्रॅम लिहिलेले असतात, ते बघून हेड (लाइनचा पुढचा जड भाग) घे.

आता खांदा. तू वरच्या हाताने ढकलतोयस, एकहातीची सवय. राजापूरचा आहेस ना, आंबे काढायचा झेला आठव. लांब बांबूचं टोक फांदीकडे न्यायचं तर वरचा हात नुसता टेकू, खालचा हात बुडखा पोटाकडे ओढतो. इथेही तेच. त्या तीन फेकींना तू दमला असशील, म्हणून ढकलायचं विसरलास :)

टोपीचं कारण वारा. डाव्या काठावर प्रवाह उजवीकडून डावीकडे जातो. सिंगल स्पेमध्ये लाइनचा मागचा फुगा उजव्या, म्हणजे वरच्या बाजूला होतो, आणि वारा तो तुझ्याच अंगावर आणतो. अशा वेळी डबल स्पे (फुगा प्रवाहाच्या खालच्या बाजूला करणारी फेक), डावा हात वर. अवघड वाटेल, पण कान महत्त्वाचे. चष्मा घालतोस ना?

पाऊसवेडा_ओरेगॉन:
शेंडा सुटला कारण स्पे फेकीत रॉडला पीळ बसतो आणि जोड हळूहळू सैल होतात. प्रत्येक जोडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळायची. बस.

आम्ही इकडे डेशूट्स नदीवर स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) आखूड, जाड स्कॅजिट हेड वापरतो. मागे झाडी असली तरी जड फ्लाय आणि बुडणारं टोक उचलतं. पण उन्हाळ्यात डीचं पाणी उतरलं की ते धपकन आपटेल. तिथे लांब, निमुळतं स्कँडी हेड बरं.

गोधडी:
सहमत. १३ फुटी ८ नंबर घे. १५ फुटी थोराड नदीला, भरल्या पाण्याला. आणि सराव गवतावर नको. लाइनचं टोक पाण्याला धरून राहतं, तोच नांगर. नांगर नाही तर रॉड वाकणार कशावर? हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांध.

राजापूरकर_उत्तरेत:
सगळ्यांचे आभार. सॅमनला रविवारी बंदी, त्यामुळे हाती फक्त शनिवार, आणि हंगाम १५ ऑक्टोबरला संपतो. काल १३ फुटी पुन्हा मागून घेतला, जोडांना काळी पट्टी, टोकाला बायकोच्या मफलरमधली लाल लोकर. (तिला अजून सांगितलं नाही.) डावा हात वर घेऊन डबल स्पे: पहिल्या वीसेक फेकी बघवत नव्हत्या. मग बुडखा पोटात ओढला आणि लाइन अशी सुळकन गेली की रीळने कर्र केलं, आणखी मागत होती. गिलीने पाइप तोंडातून काढला आणि म्हणाला, "हं."

आता स्कँडी हेड किती ग्रॅमचं घेऊ? रॉडवर ३४ ते ३८ लिहिलंय.

गोधडी:
३६. आणि मफलरचं आजच सांगून टाक.