मदत हवी आहे : घाटात गाडी तापते, कूलंट जातं कुठे?

मंडळी, २०१२ ची डिझेल गाडी आहे. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात अर्ध्यावरच तापमानाचा काटा लालला टेकतो. एसी बंद करून हीटर फुल्ल सोडला की खाली येतो (मे महिन्यात हीटर! घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे). सपाटीला काही त्रास नाही. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आठवड्याला पाव लिटर कमी होतं, पण गाडीखाली एक थेंब नाही. फॅन लागतो, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) नवीन टाकलाय. मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला. पण सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला, तर बारीक बुडबुडे थांबतच नाहीत. ऑइल मात्र स्वच्छ, कूलंट मिसळल्यासारखं दुधाळ नाही. मला हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) शंका येतेय. हेड न उतरवता खात्री कशी करायची?