लॅम्प्समध्ये स्वतःचा पेअर स्टाइल द्यायचाय, टेस्ट आणि डॉक्युमेंटेशनवर गाडी अडलीये

चौथं_वर्ष_चालू

नमस्कार मंडळी, पीएचडी पुण्यात, विषय पॉलिमर. दोन वर्षांपूर्वी लॅम्प्समध्ये (अणूंच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) एक पेअर स्टाइल (दोन अणूंमधली एनर्जी आणि फोर्स काढणारा कोड) लिहिला होता, लिहिला म्हणजे खरं सांगायचं तर लेनर्ड-जोन्स या नेहमीच्या फॉर्म्युल्याच्या फाइलीची कॉपी मारली, फॉर्म्युला बदलला, आणि कटऑफच्या (ज्या अंतरापलीकडे फोर्स मोजत नाही) थोडं आधीपासून पोटेन्शियल, म्हणजे जोडीची एनर्जी, हळूहळू शून्यावर उतरवणारं एक फंक्शन जोडलं, त्यासाठी एक आतला कटऑफ असा जादा पॅरामीटर. सगळी रन्स यावरच झालीत. आता सर म्हणतात पेपर पाठवायच्या आधी हा कोड मेन लॅम्प्समध्ये जाऊ दे, नाहीतर रिव्ह्यूअर विचारणारच.

तर गिटहबवर फोर्क (लॅम्प्सच्या कोडची स्वतःची प्रत) केला, डेव्हलप ब्रँचवरून स्वतःची ब्रँच काढली, एक्स्ट्रा-पेअर पॅकेजमध्ये फाइली टाकल्या, कंपाइल झालं. इथवर ठीक. मग काँट्रिब्युशनचं पान वाचलं आणि डोकं धरलं. डॉक्युमेंटेशनचं वेगळं पान पाहिजे, यामल नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टेस्ट पाहिजे, व्हाइटस्पेस चेक पाहिजे.

मला कळत नाहीये ते असं की टेस्टच्या यामल फाइलमध्ये जे एनर्जी आणि फोर्सचे आकडे असतात ते माझ्याच कोडने जनरेट करायचे आणि मग माझाच कोड त्यांच्याशी जुळतो का बघायचं. म्हणजे मीच पेपर काढायचा, मीच सोडवायचा, मीच मार्क द्यायचे? याने काय सिद्ध होतं?

आणि एवढं करून टेस्ट पासही होत नाहीये. सुरुवातीचे आकडे जुळतात पण रीस्टार्टनंतरची (रन सेव्ह करून परत सुरू केल्यावरची) एनर्जी वेगळी येते. लॅबमधले एक सीनियर म्हणाले फेल होणारी टेस्ट स्किप_टेस्ट्सच्या ओळीत टाक आणि पुढे जा. एक तशी टाकली पण आहे. चालतं का हे?

बर्फातला_वऱ्हाडी

पहिले हे सांग बावा, असा स्टाइल आधीच आहे का ते बघितलं का? एलजे/स्मूथ आहे, एलजे/एमडीएफ आहे, ग्रोमॅक्सवाला आहे, सगळ्यांमध्ये आतला कटऑफ असतोच. लोकं चार महिने घालवतात आणि मग कळतं की हे दुसऱ्या नावाने कधीचं आहे. तुझा फॉर्म्युला खरंच वेगळा असला तरच पुढचं वाच.

रीस्टार्टचं मी न बघता सांगतो. तू जो नवीन पॅरामीटर जोडला तो राइट_रीस्टार्ट मध्ये लिहिलाच नाहीस. मूळ फाइलीत एप्सिलॉन, सिग्मा, कटऑफ असे तीन पॅरामीटर एफराइटने (फाइलीत लिहिणारं फंक्शन) लिहिलेले असतात, तू कॉपी मारली तेव्हा ते तीनच राहिले. वाचताना चौथा कुठून येणार, मेमरीत जो कचरा असेल तो घेतो. लिहायचा क्रम आणि वाचायचा क्रम एकच पाहिजे, आणि हे महत्त्वाचं, फाइल फक्त शून्य नंबरचा प्रोसेस वाचतो, बाकीच्यांना एमपीआय_बीकास्टने पाठवावं लागतं. ते विसरलास तर लॅपटॉपवर एका कोअरवर सगळं मस्त चालेल आणि क्लस्टरवर चार कोअर लावले की गाडी कुठल्या कुठे जाईल. म्हणून टेस्ट पास झाली तरी एकदा हाताने चार प्रोसेसवर रीस्टार्ट करून बघ.

आता तुझा मोठा प्रश्न. मार्क द्यायचेच नाहीयेत तिथे. ती उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आहे, उद्या कोणी मूळ पेपरात खाडाखोड केली तर कळावं म्हणून कपाटात ठेवलेली. लॅम्प्सचा सी प्लस प्लस कोड २००४ मध्ये ओपन सोर्स झाला, तेव्हापासून शेकडो लोकांनी हात घातलाय त्यात, आणि मुख्य मंडळी कधी नेबर लिस्टचं (कुठला अणू कोणाच्या जवळ त्या यादीचं) काहीतरी बदलतात, कधी एकाच फटक्यात दोनशे फाइलींमध्ये तीच दुरुस्ती करतात. तुझा पोटेन्शियल काय आहे हे त्यांना माहीत नसतं. त्यांना एवढंच कळायला पाहिजे की काल जो आकडा येत होता तोच आज येतो का. टेस्टमध्ये २९ अणूंची एक छोटी सिस्टीम असते, तीच न्यूटन नावाचं सेटिंग ऑन करून, ऑफ करून, रीस्टार्ट करून, डेटा फाइल लिहून परत वाचून अशी फिरवतात. चारही रस्त्यांनी तेच उत्तर यायला पाहिजे. हे काम कोणी माणूस दर वेळी करणार नाही.

फिजिक्स बरोबर आहे का हे वेगळं तपासायचं आणि ते तुलाच तपासायचं आहे, कारण तुझ्याशिवाय ते कोणाला माहीत नाही. पेअर_राइट कमांड वापर. दोन अणूंमधलं अंतर बदलत बदलत एनर्जी आणि फोर्सचं टेबल काढून देते. ते प्लॉट कर, आणि एनर्जीच्या कॉलमचा फरक काढून, म्हणजे न्यूमेरिकल डेरिव्हेटिव्ह, त्याला उणे चिन्ह लावून फोर्सच्या कॉलमवर ठेव. दोन रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. आतल्या कटऑफच्या अलीकडे-पलीकडे जास्त पॉइंट घे. तिथेच लोकं माती खातात, कारण पोटेन्शियल गुणिले स्मूथिंग फंक्शन असं असलं की डेरिव्हेटिव्हला दोन टर्म येतात आणि दुसरी विसरतात. मग एनव्हीईमध्ये (जिथे एकूण एनर्जी स्थिर राहायला पाहिजे) एनर्जी हळूहळू सरकत जाते आणि माणूस टाइमस्टेप कमी करत बसतो.

माझा किस्सा सांगतो. सिंगल नावाचं फंक्शन असतं ना, एका जोडीची एनर्जी आणि फोर्स देणारं, ते फोर्स भागिले अंतर असं परत देतं. मी नुसता फोर्स देत होतो. चेक केलं तेव्हा अंतर घेतलं १.०, मग काय, एकने भागलं काय आणि नाही भागलं काय. तीन महिने कळलं नाही. डायनॅमिक्स कॉम्प्युट फंक्शनवर चालते त्यामुळे ट्रॅजेक्टरी (अणूंचा प्रवास) ठीक, पण काही ॲनालिसिस कमांड्स सिंगलला विचारतात, तिथले माझे सगळे ग्राफ चुकीचे.

आणि ती स्किपची ओळ काढ आधी. ती अशासाठी आहे की जे तुझ्या स्टाइलमध्ये मुळात नाहीच ते टेस्ट करू नये. जे आहे आणि मोडलंय ते लपवायला नाही.

बर्फातला_वऱ्हाडी

टायपो असतील तर सांभाळून घ्या. फोनवरून लिहितोय, बाहेर उणे ११ आहे, बोटं चालत नाहीत.

लातूरची_सुषमा

डॉक्युमेंटेशनबद्दल मी सांगते कारण माझी सुरुवातच तिथून झाली, पहिली पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) फक्त एका चुकलेल्या शब्दाची होती आणि ती मर्ज झाली तेव्हा मी आईला फोन केला होता, आई म्हणाली पगार किती.

पान आरएसटी फाइल असतं, डॉक फोल्डरच्या सोर्समध्ये. नवीन काही शोधू नका, शेजारच्या स्टाइलचं पान उघडा आणि त्याच क्रमाने लिहा, सिंटॅक्स, एक्झाम्पल्स, डिस्क्रिप्शन, रिस्ट्रिक्शन्स वगैरे. मेक एचटीएमएल चालवलं की पहिल्यांदा ते स्फिंक्स वगैरे सगळं डाउनलोड करतं, आमच्या हॉस्टेलच्या नेटवर चहा पिऊन यायचं काम. नंतर भराभर होतं. पान बनलं म्हणजे झालं असं नाही, पेअर स्टाइलच्या याद्यांमध्येही नाव घालावं लागतं, नाहीतर स्टाइल चेक ओरडतो.

युनिट्सचं नीट बघा. तुम्ही स्वतः रिअल युनिट्समध्ये काम करत असाल तर हात आपोआप किलोकॅलरी लिहायला जातो. पण तोच स्टाइल उद्या कोणी मेटल युनिट्समध्ये चालवेल, तिथे एनर्जी इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, तुमचं वाक्य वाचून तो किलोकॅलरीचा आकडा टाकणार आणि त्याची सिस्टीम उडणार. म्हणून एनर्जी युनिट्स, डिस्टन्स युनिट्स एवढंच लिहायचं. आतला कटऑफ बाहेरच्यापेक्षा लहानच पाहिजे, तर ते पानावर लिहा आणि कोडमध्येही तपासा, उलटं दिलं तर सरळ एरर देऊन थांबू दे. गपचूप चालू राहणारा कोड सगळ्यात वाईट.

पेपरातून कॉपी-पेस्ट करू नका हो. पीडीएफमधून लांब डॅश येतो, ग्रीक अक्षरं येतात, आणि तिथे साध्या अक्षरांशिवाय काही चालत नाही, त्याचाही चेक आहे. मी अर्धा दिवस एका उणे चिन्हापायी घालवलाय जे उणे चिन्ह नव्हतंच. आणि स्पेलिंगचा चेक शास्त्रज्ञांच्या आडनावांना अडतो, त्यासाठी फॉल्स पॉझिटिव्हची एक फाइल आहे, त्यात नाव घालायचं. आपली मराठी आडनावं तर पहिल्या फटक्यात अडतात.

मिक्सिंग, शिफ्ट, टेल करेक्शन, रीस्टार्ट यांचा एक ठरलेला भाग असतो, तो लोक कॉपी करून तसाच ठेवतात. तुमचा पोटेन्शियल कटऑफला शून्यच होतो म्हणताय, मग शिफ्ट (कटऑफला एनर्जी शून्य करायची सोय) लागू नाही असं स्पष्ट लिहा. इंग्रजीची भीती असेल तर छोटी वाक्यं करा. रिव्ह्यू करणारे भाषा सुधारून देतात, पण पॅरामीटरचा अर्थ ते मनाने भरू शकत नाहीत.

कटऑफ_काका

एवढा आटापिटा कशाला म्हणतो मी. प्लगइन करा आणि स्वतःच्या रेपॉझिटरीत ठेवा. लॅम्प्समध्ये प्लगइन लोड करायची सोय आहे की, ज्याला हवं तो बनवून घेईल. मेनमध्ये घालायचं म्हणजे दर ओळीवर कोणीतरी शंका काढणार, इथे स्पेस जास्त, तिथे टॅब आहे.

लातूरची_सुषमा

काका, टॅबचं म्हणाल तर सोर्स फोल्डरमध्ये मेक फिक्स-व्हाइटस्पेस मारलं की संपलं, त्यावरून कोणी भांडत नाही. प्लगइन काढता येतं, कबूल, घाईत असाल तर उत्तमच. पण आतलं काही बदललं की ते जुळवून घ्यायचं काम तुमचं. नोकरी लागल्यावर कोण करणार? आमच्या लॅबमध्ये (नाव नको) एका सरांचा सुंदर कोड होता, सीनियर पास होऊन गेला, सर्व्हरवरचं त्याचं अकाउंट बंद झालं, राहिली ती २०१६ ची एक झिप फाइल जिच्यात एक हेडर नाही. त्यावर दोन पेपर आहेत.

कटऑफ_काका

बरं बरं. मुद्दा मान्य, रीत मान्य नाही. फाइलीच्या वर काँट्रिब्युटिंग ऑथर म्हणून नाव लिहायला विसरू नका एवढंच सांगतो, सरांना तेच दाखवायचं असतं.

चौथं_वर्ष_चालू

सगळ्यांचे आभार, दोन दिवस यातच होतो. एलजे/एमडीएफ बघितला, माझा मूळ फॉर्म्युला वेगळा आहे, तर पुढे जातोय. रीस्टार्टचं वऱ्हाडी भाऊ म्हणाले तेच होतं, चौथा पॅरामीटर लिहिलाच नव्हता. आता चार कोअरवर पण जुळतं.

पण पुढे मजा झाली. सीनियरच्या सल्ल्याने मी जी टेस्ट स्किपमध्ये टाकली होती ती सिंगलचीच होती. ओळ काढली, फेल. मग पेअर_राइटचं टेबल काढून प्लॉट केलं तर स्मूथिंग २.० ला सुरू व्हायला पाहिजे ते १.४१ लाच सुरू होत होतं. १.४१ बघून पाच मिनिटं काहीच सुचलं नाही आणि मग एकदम ट्यूब पेटली, दोनचं वर्गमूळ! सिंगलमध्ये मी अंतराचा वर्ग आतल्या कटऑफशी तसाच ताडून बघत होतो, कटऑफचा वर्ग न करता. कॉम्प्युटमध्ये मात्र बरोबर लिहिलंय. दोन वर्षं हे तिथे बसलेलं.

आणखी एक, माझ्या मशीनवर पास पण गिटहबवर दुसऱ्या कंपायलरवर एक आकडा तेराव्या घरात वेगळा येतोय. हे काय?

बर्फातला_वऱ्हाडी

ते काही नाही, कॉम्प्युटरमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात, प्रत्येक कंपायलर आपल्या सोयीने क्रम लावतो. यामलमध्ये एप्सिलॉन (किती फरक चालेल तो आकडा) आहे, तो थोडा सैल कर. १० चा उणे १३ वा घात असेल तर उणे १२ कर. उणे ३ करू नको, मग टेस्ट असून नसल्यासारखी. आणि मोठ्या रनची ट्रॅजेक्टरी दोन मशीनवर अंकाला अंक जुळेल ही आशा सोड, ती सिस्टीमच केऑटिक आहे, बारीकसा फरकही वाढत जातो. म्हणून तर टेस्टमध्ये चारच पावलं चालवतात.

आता खरा प्रश्न. थीसिसमध्ये ग्रुप/ग्रुप कॉम्प्युट (अणूंच्या दोन गटांमधली एनर्जी काढणारी कमांड) वापरलं का कुठे? ते सिंगलला विचारतं.

चौथं_वर्ष_चालू

तिसऱ्या चॅप्टरमध्ये. दोन थरांमधली चिकटण्याची एनर्जी. सगळे ग्राफ.

लातूरची_सुषमा

अरे देवा. पण ट्रॅजेक्टरी ठीक आहे ना? मग डंप फाइलींवर रीरन कमांड चालवा, सिम्युलेशन परत करायची गरज नाही, जुन्या फ्रेम वाचून नुसती एनर्जी नव्याने काढते.

चौथं_वर्ष_चालू

हो, रीरन आत्ताच बघितलं. डंप सहापैकी चार रन्सचे आहेत, दोन मी जानेवारीत जागा करायला डिलीट केले. सरांना अजून सांगितलं नाहीये.

बर्फातला_वऱ्हाडी

उद्या सकाळी सांग, त्यांचा चहा झाल्यावर. आज पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट म्हणून टाकून ठेव आणि ते दोन रन रात्रीच क्यूमध्ये लाव.