अनुभव धागा: परदेशात घेतलेलं जीपीएस गोव्याच्या रस्त्यांवर

आखातातून किंवा बोटीवरून सुट्टीला येणाऱ्यांच्या बॅगेतून अजूनही गार्मिन कंपनीचं जीपीएस यंत्र निघतं. इथे लावलं की पडद्यावर नुसता हायवे, नाहीतर कोरी पाटी. ज्यांना ते चालवता आलंय त्यांनी नेमकं काय करायचं ते आपल्या गावाच्या नावाखाली लिहा. ‘मोबाईल वापरा’ हा सल्ला नको. घाटात रेंज जाते म्हणूनच हा धागा.

म्हापसा
पहिल्यांदा चालू केल्यावर यंत्र बिघडलं असं समजू नका. शेवटचं जिथे बंद केलं तिथलेच उपग्रह ते शोधत बसतं. मोकळ्या जागी गाडी उभी करून २० मिनिटं थांबा. उपग्रहांची पूर्ण यादी उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. माडाखाली नको, पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच. तोवर मैलांचे किलोमीटर करून घ्या.

फोंडा
ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून गार्मिनसाठी बनवलेला भारताचा नकाशा फुकट मिळतो. ८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, त्यात ‘गार्मिन’ नावाचं फोल्डर, त्यात फाईल. तिचं नाव ‘जीमॅपसप’ (जी-एम-ए-पी-एस-यू-पी-पी) आणि शेवट ‘आयएमजी’ असाच हवा, जुनी मॉडेलं दुसरं नाव ओळखत नाहीत. मग सेटिंगमधल्या नकाशांच्या यादीत नव्यावर टिक करा आणि मूळच्यावरची काढा. दोन्ही चालू राहिले तर मूळचा नकाशा वर येऊन आतले रस्ते झाकतो. टॉमटॉम या दुसऱ्या कंपनीचं यंत्र असणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये.

डिचोली
वरच्या नकाशात गावं शोधायची तर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग टाका. साखळीसाठी एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम, केप्यासाठी क्यू-यू-ई-पी-ई-एम. उच्चाराप्रमाणे ‘एस-ए-के’ टाइप करत बसलात तर साखळी येणारच नाही. घर नंबरचा तर नादच सोडा.

त्यापेक्षा फोनवरून अक्षांश-रेखांश काढून भरा. फक्त यंत्राची पद्धत आधी ‘दशांश अंश’ करा. पणजीचा अक्षांश १५.४९ आहे, तो १५ अंश ४९ मिनिटं म्हणून गेला तर खूण ३६ किलोमीटर उत्तरेला, म्हणजे थेट सिंधुदुर्गात पडते.

मडगाव
केबलबद्दल कोणीच लिहिलं नाही. गार्मिनच्या जुन्या ‘नुवी’ मॉडेलांना मिनी-यूएसबी असते. साधी डेटा केबल गाडीच्या चार्जरला लावली की यंत्राला वाटतं आपण कॉम्प्युटरला जोडलोय. पडद्यावर कॉम्प्युटरचं चित्र येतं आणि नकाशा जातो. कंपनीच्या गाडीच्या केबलमध्ये चौथ्या पिनवर रेझिस्टर असतो, त्यावरून ते ओळखतं. म्हणून ती मूळ केबल जपा. तिच्यातला ट्रॅफिकचा रिसीव्हर मात्र इथे निरुपयोगी.

पणजी
जुन्या नकाशात मांडवीवरचा २०१९चा अटल सेतू नाही. गाडी सेतूवर असते, यंत्र तिला शेजारच्या जुन्या पुलावर दाखवतं आणि उतरल्यावर भलतंच वळण सांगतं. पूल संपून एखादा किलोमीटर जाईपर्यंत ऐकू नका. नव्या झुवारी पुलावर हीच गत. हायवेही ६६ऐवजी १७ दिसेल, घाबरू नका.

‘सर्वांत कमी अंतर’ निवडू नका, वाड्यावाड्यांतून नेतं. ‘कमी वेळ’ ठेवा. आणि ‘फेरी टाळा’वर टिक असेल तर दिवाडी बेटाला रस्ताच नाही म्हणेल. पूल नाहीच तिथे. टिक काढलीत की जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत बरोबर आणून सोडतं, पुढे बोटीची वाट तुम्ही बघायची.