बॅटरीपेक्षा कॉइल बघा

बॅटरी जितकी मोठी तितका व्हेप (ई-सिगारेट) चांगला, असं इथल्या चर्चेत म्हटलंय, ते मला पटत नाही. इथे ब्रिटनमध्ये द्रवाची टाकीच जास्तीत जास्त २ मिलिलिटरची, रोजच्या वापरात अडतं ते कॉइलपाशी, म्हणजे कापसात मुरलेला द्रव तापवणाऱ्या तारेपाशी. सिगारेट सोडताना सुरुवातीला मी नवा पॉड (कॉइल असलेली छोटी टाकी) भरला की लगेच ओढायचो. आतला कापूस कोरडाच, पहिल्याच झुरक्याला घशात जळका ठसका. आता भरून दहा मिनिटं तसाच ठेवतो. पॉड सुटे मिळतात का, हे व्हेप घेण्याआधी विचारा.

आणि हे अजून कुणी लिहिलं नाही: सुट्टीत भारतात घरी जाताना व्हेप बॅगेत टाकू नका. २०१९ च्या कायद्याने तिथे ई-सिगारेट आणायलाही बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.