लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यान, अलास्का: आईबाबांसह पाच दिवसांचा बेत योग्य आहे का?

प्रश्न – सिएटलची नाशिककर

नमस्कार. आम्ही दोघे सिएटलला राहतो आणि येत्या जुलैमध्ये नाशिकहून माझे आईबाबा आमच्याकडे येत आहेत. बाबांचे वय ६६ आहे; कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड त्यांनी अनेकदा केलेले आहेत. आईच्या गुडघ्याला थोडा त्रास आहे, पण सपाट वाटेने ती दोन तास आनंदाने चालते. बाबांनी आयुष्यभर डोंगर पाहिले, परंतु जिथे गाडीरस्ता पोहोचतच नाही असे मोठे रान त्यांना एकदा दाखवावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, म्हणून लेक क्लार्क निवडले. अँकरेजहून पोर्ट ऑल्सवर्थ, मग ट्विन लेक्स, तेथून टेलाक्वाना सरोवर आणि शेवटी अस्वले पाहण्यासाठी चिनिटना खाडी असा पाच दिवसांचा कार्यक्रम आखला असून सिएटलचे परतीचे विमान सहाव्या दिवशी सकाळी आहे. हे जमेल का? आणि आईबाबा शाकाहारी आहेत, तर जेवणाचे काय करावे?

उत्तर – ध्रुवतारा

मी अँकरेजमध्ये काही वर्षे राहिलो आहे आणि या उद्यानात चार वेळा गेलो आहे. आपला हेतू मनापासून आवडला, म्हणूनच स्पष्ट लिहितो: या कार्यक्रमातील निम्मी ठिकाणे कृपया काढून टाका.

हे उद्यान आणि त्याला जोडलेले राखीव क्षेत्र मिळून सुमारे १६,००० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढे. आणि एवढ्या प्रदेशात बाहेरून येणारा एकही गाडीरस्ता नाही. अँकरेजहून निघणारी छोटी विमाने बहुधा लेक क्लार्क खिंडीतून जातात. दोन्ही बाजूंना हिमनद्या उतरलेल्या या अरुंद दरीत ढग भरले की उड्डाण होत नाही. घाटात धुके उतरले तर गाडी हळू चालवता येते, विमानाला तशी सोय नाही. शिवाय चिनिटना खाडी समुद्राच्या बाजूला आणि सरोवरे डोंगररांगेच्या पलीकडे असल्यामुळे दोन्हीकडचे हवामान वेगळे असते, आणि आपल्या आराखड्यात ते दोन्हीकडे ठरलेल्या दिवशीच मोकळे असावे लागते. सहाव्या दिवशीचे तिकीट किमान दोन दिवस पुढे ढकला. वैमानिक ‘आज नाही’ म्हणाला तर त्याला आग्रह करू नका. याच उद्यानात रिडाउट हा ३,१०८ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी आहे. १५ डिसेंबर १९८९ रोजी त्याच्या राखेत सापडलेल्या केएलएम या डच कंपनीच्या प्रवासी विमानाची चारही इंजिने बंद पडली होती, आणि ती पुन्हा सुरू झाल्यावरच ते अँकरेजला सुखरूप उतरू शकले. तेथील आकाशाविषयी स्थानिक माणसे इतकी सावध का असतात, हे त्यावरून ध्यानात येईल.

माझ्या मते पोर्ट ऑल्सवर्थलाच मुक्काम करावा. लेक क्लार्क हे सरोवर साधारण ६५ किलोमीटर लांब आहे आणि गाव त्याच्या काठावरच आहे. उद्यानातील राखलेल्या पायवाटा फक्त येथूनच निघतात. टॅनालियन धबधब्याची वाट एका बाजूने सुमारे चार किलोमीटर असून भूर्ज आणि स्प्रूसच्या झाडीतून जाते. तीत चढउतार आहेत, म्हणून आईंना हातात काठी द्यावी आणि वेळेची घाई ठेवू नये. धबधब्याच्या थोडे पुढे कोंट्राशिबुना सरोवर लागते. बाबांना बरोबर घेऊन तेथपर्यंत अवश्य जावे. अन्यत्र वाटाच नाहीत: दूरून हिरवळ वाटणारा टुंड्रा प्रत्यक्षात गुडघाभर झुडपांचा आणि पाय रुतणाऱ्या ओल्या गवताचा असतो, आणि सह्याद्रीत तासाला तीन किलोमीटर चालणारा माणूस तेथे एक किलोमीटरही जेमतेम कापतो.

ट्विन लेक्सला पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने एका दिवसात जाऊन येता येते. तेथे रिचर्ड प्रोएनिके यांनी १९६८ मध्ये हातच्या अवजारांनी बांधलेली लाकडी झोपडी आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तेथे राहायला गेलेला हा माणूस सुमारे तीस वर्षे त्या काठावर राहिला. ओंडक्यांचे कोपऱ्यांतील जोड बाबांनी जवळून पाहावेत, असे मला फार वाटते.

उत्तर – पाठपिशवी

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. आम्ही तंबू घेऊन गेलो होतो आणि परतीचे विमान ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आले. जास्तीचे अन्न होते म्हणून काळजी वाटली नाही, उलट त्या रिकाम्या दोन दिवसांतच सरोवर खऱ्या अर्थाने पाहिले असे आजही वाटते.

शाकाहाराची अडचण नाही. निवासाच्या जागी आधी कळवावे. बरोबर दडपे पोह्यांचे साहित्य, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि भाजलेला रवा न्यावा. मात्र जे जे वासाचे आहे, अगदी टूथपेस्ट आणि औषधी मलमसुद्धा, ते बाहेर मुक्काम केल्यास अस्वलांना उघडता न येणाऱ्या डब्यातच ठेवावे. अस्वलांना दूर ठेवणारा फवारा आणि शेगडीचे गॅसचे डबे प्रवासी विमानातून नेता येत नाहीत. ते अँकरेजला विकत घ्यावेत आणि छोट्या विमानात बसण्यापूर्वी वैमानिकाच्या हाती द्यावेत. सामानाच्या वजनाला मर्यादा असते आणि माणसांचेही वजन विचारले जाते, हे आईंना आधीच सांगून ठेवावे. चालताना मोठ्याने बोलत राहावे आणि अस्वल दिसल्यास कधीही पळू नये. जुलैत डास अतोनात असतात, त्यामुळे डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या चौघांसाठी न्याव्यात.

सिएटलची नाशिककर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टेलाक्वाना आणि चिनिटना काढून टाकले आहे आणि तिकीट तीन दिवस पुढे नेले आहे. बाबांनी फोनवर एकच विचारले: तेथे पूर्वी कोणी राहत होते की ते रान कायमचेच निर्मनुष्य होते?

उत्तर – ध्रुवतारा

बाबांना सांगा की ती देनाइना या अलास्कातील मूळ रहिवासी लोकांची भूमी आहे आणि ते आजही तेथे आहेत. सरोवराचे त्यांच्या भाषेतील नाव ‘किझजेह वेना’ असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘लोक एकत्र जमतात ते सरोवर’ असा होतो. किजिक हे त्यांचे जुने गाव याच काठावर होते. साथीच्या रोगांनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील लोक नोंडाल्टन या गावी गेले. किजिकपासून टेलाक्वानापर्यंत त्यांची पायी व्यापाराची वाटही होती. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून या सरोवरात चढून येणाऱ्या सॅमन माशांवर त्यांचे जीवन चालत आले आहे, आणि ते मासे पकडण्याचा, सुकवण्याचा त्यांचा परिपाठ आजही टिकून आहे. पोर्ट ऑल्सवर्थला उद्यानाचे माहिती केंद्र आहे. पहिल्याच दिवशी बाबांना तेथे घेऊन जा आणि त्यांना हवे तितके प्रश्न विचारू द्या.