जॉर्ज कार्लिन : म्हातारपणी धार आली की नुसती चिडचिड?

बोरीकाठ (अमळनेर)
गेल्या रविवारी मळ्यात भरिताची पार्टी होती. वांगी जाळावर, हात रिकामे, म्हणून मावसभावाला मोबाइलवर जॉर्ज कार्लिन लावून दिला. अमेरिकेचा स्टँड-अपवाला, म्हणजे मंचावर एकटा उभा राहून बोलून हसवणारा, २००८ मध्ये ७१ व्या वर्षी गेला. मी दाखवला तो १९९२ चा न्यूयॉर्कचा प्रयोग. त्यात तो म्हणतो, पृथ्वीला काही धाड भरलेली नाही, जाणार आहोत ते आपण. मी हसून हसून बेजार. भाऊ शांतपणे म्हणाला, "हे बाबा आपल्याला का रागावून राहिले?"

तेव्हापासून डोक्यात भुंगा. माझं मत असं की कार्लिन बदलला, बिघडला नाही. साठच्या दशकात तो सूट-टाय घालून टीव्हीवर यायचा, तारेतला हिप्पी हवामानवाला करायचा : आज रात्रीचा अंदाज, अंधार. पैसा चांगला होता. १९७० च्या सुमारास दाढी-केस वाढवले, टाय काढला, लास वेगासचं काम गेलं. १९७२ मध्ये टीव्हीवर चालत नाहीत अशा ७ शब्दांचा प्रयोग केला म्हणून मिलवॉकीत अटक झाली. तो खटला टिकला नाही, पण त्याच विषयावरचा पुढचा तुकडा रेडिओवर लागला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ चा निकाल ५ विरुद्ध ४ असा रेडिओच्या विरोधात. इतकं सोसून जो माणूस पुढे ३० वर्षं दर दोन-तीन वर्षांनी तासाभराचा नवा मजकूर घेऊन उभा राहतो, त्याला चिडका म्हणायचं?

केळीचा घड (रावेर)
म्हणायचं. तुमचा मावसभाऊ बरोबर बोलला. नव्वदनंतरचा कार्लिन हसवत नाही, कीर्तन करतो, तेही टाळ-मृदंगाशिवाय. १९९९ चा प्रयोग नीट ऐका : हशा कमी, टाळ्या जास्त. हसू आपोआप फुटतं भाऊ, टाळी माणूस ठरवून देतो. श्रोता आपल्या मताला टाळी द्यायला लागला की विनोदवाल्याने सावध व्हावं. हा झाला नाही. प्रत्येक प्रयोगात लोक मूर्ख, देश मूर्ख, देव नाही. कळलं ना, पुढे?

माळ्यावरची ट्रंक (भुसावळ)
तुम्ही दोघं टोकांवर भांडताय, मधला कार्लिन कुणी पाहिलाच नाही वाटतं. ऐंशीच्या दशकातला 'सामान'वाला तुकडा! घर म्हणजे काय, तर आपल्या सामानावर टाकलेलं झाकण. सामान वाढलं की मोठं घर. प्रवासाला निघालो की सामानातलं थोडं सामान घेऊन जायचं. आपलं ते सामान, दुसऱ्याचा तो कचरा.
आमच्या सासूबाईंना हे मराठीत करून सांगितलं. माळ्यावर लग्नातले तीन पितळी हंडे, बंद पडलेला मिक्सर आणि कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणं आहेत. हसल्या खूप. झाकण एकही टाकू दिलं नाही. रागावलेला कार्लिन मला आवडतो, पण त्याला सासूबाईंपर्यंत नेता येत नाही, हेही खरं.

बोरीकाठ (अमळनेर)
ताई, 'सामान' मान्य. पण घड दादा, विषय बदलले तरी त्याचं हत्यार एकच राहिलं : शब्द. १९९० चा तुकडा घ्या. पहिल्या महायुद्धात सैनिकाचं डोकं फिरलं तर त्याला 'शेल शॉक' म्हणत. दोन तडाखे, तोफगोळ्यासारखे. पुढच्या प्रत्येक युद्धात नाव लांबत गेलं आणि शेवटी 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' झालं. शब्द लांबला, आतलं दुखणं गाडलं गेलं. तो अक्षरं मोजून दाखवतो, लोक हसतात, मग हसू अर्ध्यात अडकतं.
आपल्याकडे वेगळं काय आहे? विहीर कोरडी, कपाशी वाळली, ढोरं बाजारात, तोंडात एकच शब्द येतो : दुष्काळ. सरकारी कागदावर मात्र 'दुष्काळसदृश परिस्थिती'. हा 'सदृश' कार्लिनच्या हाती लागला असता तर अर्धा तास काढला असता त्याने.

गण-गवळण (चाळीसगाव)
कीर्तन का म्हणता, बतावणी म्हणा की. यात्रेतल्या तमाशातला सोंगाड्या तेच तर करतो. काल त्या गावात सावकार, आज या गावात सरपंच. गाव पाहून बोलणं बदलायचं, ही आपली जुनी रीत.

केळीचा घड (रावेर)
सोंगाड्या मध्ये आणलात ते बरं केलंत, माझंच काम सोपं झालं. सोंगाड्या पाटलाची खोड काढतो, पण स्वतः एक पायरी खाली उभा राहून. शेवटी फटका तोच खातो. म्हणून पाटीलही हसतो. १९७२ चा कार्लिन तसा होता : वर्गातला वांड पोरगा, छड्या खाणारा. १९९९ चा कार्लिन मास्तरच्या खुर्चीत. छडी त्याच्या हातात आली, एवढाच माझा मुद्दा आहे.
'सदृश' मात्र चांगलं सापडलं तुम्हाला.

कळण्याची भाकर (धुळे)
भो, इतलं भांडाले काय शे? भरीत कोठे शे ते सांगा पह्यले.

बोरीकाठ (अमळनेर)
छडीची गोष्ट झोंबली, खोटं कशाला बोलू. तरी २००५ चा प्रयोग बघा. वय ६८, आणि सुरुवातीलाच तीन-साडेतीन मिनिटं नुसती शब्दांची माळ, एकाला एक जुळणारे, श्वास घ्यायला जागा नाही, हातात कागद नाही. हा मास्तर नाही, पाठांतराला उभा राहिलेला पोरगाच आहे तो. खुर्चीत बसलेला माणूस इतकी मेहनत घेत नाही.
(भाकर भाऊ, भरीत संपलं. मिरची जास्त झाली होती.)

केळीचा घड (रावेर)
पाहिला. माळ जबरदस्त, दोनदा ऐकली. नंतरच्या तासात चार वेळा घड्याळ बघितलं. १९९० चा 'शेल शॉक'वाला तेवढा वडिलांना ऐकवला, वाक्यावाक्याला थांबवून मराठी करत. अर्ध्यात हसले, मग म्हणाले, "बंद कर आता."