मेल्यात हात सुटला तेव्हा: आपापले अनुभव सांगा

लष्करवाली

परवा ग्वाल्हेरच्या मेल्यात, म्हणजे जत्रेत, माझी चार वर्षांची लेक सात मिनिटं हरवली होती. सात हा आकडा नंतर फोनमधल्या कॉलच्या वेळा बघून कळला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तासभर सांगितला असता.

सॉफ्टीच्या दुकानासमोर आम्ही सहा मोठी माणसं आणि तीन पोरं. सहा मोठी! मी पर्स नणंदेकडे दिली, शाल सासूबाईंकडे दिली, कोन हातात घेतले आणि वळले तर दोनच पोरं. मला वाटलं ह्यांच्याकडे आहे. ह्यांना वाटलं आत्याकडे. आत्याला वाटलं आजीच्या शालीत शिरली असेल. बाईसाहेब चार दुकानं पलीकडे, मेल्यातला तो ताटाएवढा पापड तोंड उघडं टाकून बघत उभ्या. रडत वगैरे मुळीच नव्हती. रडत मी होते.

बाहेरच्यांसाठी सांगते. ग्वाल्हेरचा मेला १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला. शंभरावर एकरांचं मैदान, ऐन थंडीचे दिवस, एका अंगाला झुले, दुसऱ्या अंगाला गाड्यांची दुकानं, मध्ये खाजा, सॉफ्टी, रजया, चिनी मातीच्या बरण्या. (माझी पुण्याची जाऊ "आम्ही मेल्यात गेलो होतो" म्हटलं की अजून हसते. हसू दे.)

तर तुमचंही सांगा. मेलाच पाहिजे असं नाही. किल्ला, फूलबाग, जयविलास राजवाडा, कुठलंही चालेल. उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

जुळ्यांची_आई

मी मनगटाचा पट्टा वापरते. एक टोक माझ्या हाताला, एक पोराच्या, असे दोन. फूलबागेतल्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यासमोर एक काकू मला ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणाल्या, "पोरं आहेत की कुत्री?" मी म्हटलं, "काकू, एक धरून ठेवा, दुसऱ्याला मी आणते." दोन मिनिटांत त्यांच्या हातातून सुटला. मग हसल्या.

पट्ट्याचा तोटाही सांगते. दाटीत मधून माणसं जातात आणि पट्ट्यात अडकतात. एकदा एक आजोबा पडता पडता वाचले. त्यामुळे अगदी ठेचाठेच असली की पट्टा आखडून घेते आणि मनगट धरते. बोटं नाही, मनगट. घामेजलेली किंवा सॉफ्टीनं चिकट झालेली बोटं साबणासारखी निसटतात.

कंपूवाला

गाडी बघायला गेलो होतो. मेल्यात रोड टॅक्सची सूट असली की सगळं ग्वाल्हेर तिकडेच लोटतं, आम्हीही त्यातलेच. मी आणि मेहुणे सेल्समनशी हुज्जत घालतोय, एक्सचेंजला जुन्या गाडीचे किती, विमा कुणाकडून, ॲक्सेसरीज फुकट का नाहीत. चिरंजीव वय वर्षे पाच. शेवटचा कधी दिसला होता ते आठवेना.

वीस मिनिटं बाहेर शोधलं. झुल्यांपर्यंत जाऊन आलो. मांडवाला लागून गाड्यांची रांग, त्यातल्या तिसऱ्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला सापडला. दार आतून उघडेना, कारण मागच्या दाराला चाइल्ड लॉक. काचा बंद. जानेवारी होता म्हणून बरं, हेच मे महिन्यात झालं असतं तर पुढचं मला लिहवत नाही.

तेव्हापासून घरात पोर हरवलं की पहिल्यांदा गाडी बघायची, मग पाण्याची टाकी, मग बाकी सगळं. जिथे एकेक मिनिट महाग पडतं तिथे आधी जायचं. बायको म्हणते हे तू आत्ता शिकलास, मला आईनं शिकवलं होतं. असेल.

फालका_बाजार

"पोराचा निघतानाच फोटो काढून ठेवा" असं सगळे सांगतात. मी काढला होता. लाल स्वेटर, निळी पँट, ठसठशीत. संध्याकाळी धुकं उतरलं. आपल्याकडचं धुकं माहीत आहे ना, दहा पावलांवरचा हॅलोजन नुसता पिवळा डाग दिसतो. आत्यानं माया म्हणून त्याला आपली तपकिरी शाल गुंडाळली आणि डोक्यावर माकडटोपी चढवली. मेल्यातली निम्मी पोरं तपकिरी शाल आणि माकडटोपीतच असतात.

मी भोंग्यावर सांगायला लावलं, "लाल स्वेटर". पोरगा भोंग्यापासून पन्नास पावलांवर एका तिळाच्या गजकवाल्याजवळ उभा होता. त्या माणसानंही घोषणा ऐकली, पोराकडे बघितलं, लाल काही दिसेना, म्हणून गप्प बसला. शेवटी पोरालाच उकडलं की काय कोण जाणे, त्यानं शाल काढून फेकली.

आता मी पायांकडे लक्ष ठेवते. स्वेटर बदलतो, टोपी जाते, शाल येते. बूट तेच राहतात. ह्या वर्षी हिरवे बूट घेतलेत, सासरे म्हणाले फार भडक. म्हटलं, हो.

नंबरवाली

माझी फजिती वाचा. पोराच्या दंडावर बॉलपेननं माझा नंबर लिहिला, वर नेलपॉलिशचा पारदर्शक थर दिला, कुठेतरी वाचलं होतं. छान टिकतो. पोरगं सुटलं. एका भल्या बाईनं बाही वर करून नंबर बघितला, लावला. रिंग वाजली ती पोराच्याच खिशात. गाणी ऐकायला मीच फोन त्याच्याकडे दिलेला.

आता दोन नंबर लिहिते, दोन वेगवेगळ्या माणसांचे. आणि दंडावर नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला. थंडीत तीन थरांखालचा दंड कोण उघडून बघणार? नाव मात्र अंगावर, टोपीवर कुठेच बाहेरून दिसेल असं लिहीत नाही. नावानं हाक मारली की पोर कुणाबरोबरही चालायला लागतं.

नुसता_बाप

झुल्यांचं लिहितो. एका झुल्यावर पोरांच्या उंचीची खूण रंगवलेली होती. आमची कन्या चार बोटं कमी भरली. तिकीटवाला म्हणाला, "भैया, गोद में ले लो, कुछ नहीं होता." मागे रांग, कन्येचा गळा भरलेला, बायको माझ्याकडे बघतेय. मी दांडी खाली ओढून बघितली. ती माझ्या मांडीवर येऊन थांबत होती. म्हणजे धरलेला मी असतो आणि पोर माझ्यापुढे मोकळं. माझ्या दोन हातांच्या भरवशावर. उतरलो. पैसे परत दिले नाहीत, घरी येईपर्यंत भोकाडही थांबलं नाही.

आणखी एक. मौत के कुएँच्या वरच्या फळ्यांवर उभं राहून मोटारसायकली बघतात ना, तिथल्या कठड्याच्या गजांमधून पोराचं डोकं जातं का ते आधी बघा. जात असेल तर उचलून घ्या नाहीतर खाली उतरा. आणि झुल्यात बसताना मफलर, ओढणी, स्वेटरची लोंबती नाडी, सगळं काढून पिशवीत टाका. आमच्यासमोर एका मुलीची ओढणी दांड्यात गुंतली होती. झुला तेव्हा नुकताच हलत होता म्हणून निभावलं.

माहेर_ग्वाल्हेर

उन्हाळ्यात माहेरी येते तेव्हा किल्ला ठरलेला. उरवाई गेटनं गाडी वर जाते, पोरांना वाटतं बागेत आलो. सास-बहूच्या देवळाकडून अख्खं शहर खाली दिसतं, मोठी माणसं फोन काढतात आणि फोटो काढता काढता मागे सरकतात. आणि त्यांना बघून पोरं.

मागच्या वर्षी माझा भाऊ "अजून थोडी मागे, अजून थोडी" करत होता आणि माझी सहा वर्षांची शहाण्यासारखी ऐकत होती. ऐकणारं पोर जास्त धोक्याचं, हे त्या दिवशी कळलं. मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकली असती. "खाली बस, बुटाची लेस सुटलीय" म्हटलं. ती बसली, लेस बघायला लागली, मी जाऊन धरली. वेल्क्रोचे बूट होते.

जयविलासमध्ये मात्र उलटं. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी दिसली की पोरं तिथेच खिळतात आणि आपण पुढच्या दालनात निघून जातो. तिथे पोर हरवत नाही, आपण हरवतो.

नाव_नको

सापडल्यावर मी मारलं होतं. सगळ्यांसमोर, थोबाडीत. भीतीनं हात उठला, एवढंच सांगू शकतो. पुढच्या वर्षी तोच मुलगा परत चुकला आणि आम्ही त्याच्या नावानं हाका मारत असताना, आमचा आवाज ऐकू येत असताना, रजयांच्या ढिगाआड लपून बसला. बाबा मारतील म्हणून. दुकानदारानं बाहेर काढला. आज तो बावीस वर्षांचा आहे. मी हे त्याच्याशी कधी बोललेलो नाही.

लोणच्यांचं_दुकान

मी दुकानाच्या आतल्या बाजूनं लिहिते. मेल्यात आमचं लोणची-मसाल्याचं दुकान असतं, दर वर्षी दोन-तीन पोरं येऊन काउंटरला लटकतात. पोरं हुशार असतात, चालत्या माणसाकडे जात नाहीत, बसलेल्या माणसाकडे येतात. घरी तेवढंच शिकवा: हरवलास की चालायचं नाही, उभं राहायचं, आणि काउंटरमागच्या बाईला किंवा पोरं कडेवर असलेल्या बाईला सांगायचं. नाहीतर वर्दीतला पोलीस. आपण शोधत फिरायचं, पोरानं नाही. दोघंही फिरायला लागले तर रात्र होते.

मी पोराला हलवत नाही. आमच्या माणसाला घोषणेच्या जागी पाठवते. जास्त वेळ गेला तर फोन, पोलिसांच्या ११२ ला किंवा मुलांच्या मदतीच्या १०९८ ला. कुणी "मेरा ही बच्चा है" म्हणत आलं तर पोराचा चेहरा बघते आणि पायात काय घातलंय ते विचारते. (वरच्या हिरव्या बुटांच्या बाईंना माझा नमस्कार.) एकदा खरा बापच अडकला, काही केल्या सांगता येईना. चिडला माझ्यावर. मग बायकोला फोन लावला, तिनं मोज्यांचासुद्धा रंग सांगितला.

आणि आयांनो, हरवल्यावर मनातल्या मनात शोधू नका. लाज वाटते म्हणून बायका दहा-दहा मिनिटं गुपचूप फिरतात. मोठ्यानं ओरडा: चार वर्षांचा मुलगा, असा असा, दिसला का? आजूबाजूचे वीस जण लगेच खाली बघायला लागतात.

दौलतगंजचे_आजोबा

मी स्वतः हरवलो होतो. साल बहुधा १९६१, मी चार-साडेचार वर्षांचा. घरात शुद्ध मराठी, हिंदी कानावरून गेलेली, पण तोंडात बसलेली नाही. वडिलांचं बोट समजून दुसऱ्याच कुणाचं तरी धोतर धरून बराच चाललो. त्या गृहस्थांनी मला भोंग्यापाशी नेलं.

तिथल्या माणसानं विचारलं, "माँ का नाम?" मी सांगितलं, आई. "बाप का नाम?" घरी आई ज्या नावानं हाक मारायची तेच मला ठाऊक. सांगितलं, अहो. "तुम्हारा नाम?" बाळ. "घर कहाँ है?" वाड्यात.

त्यानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे घोषणा केली. "एक बच्चा मिला है, नाम बाल, माँ का नाम आई, पिता का नाम अहो, घर बाड़े में." आता ऐकणाऱ्यांना वाटलं महाराज बाड्यावरचा, म्हणजे शहराच्या मोठ्या चौकातला असणार! आम्ही दौलतगंजात, वाडा आमच्या मालकांचा.

आमची आई दुसऱ्या टोकाला होती, तिला ऐकू गेलं नाही. पण मेल्यातल्या आणखी चार-पाच मराठी बायकांना गेलं. ज्यांचं कुणाचं काही हरवलं नव्हतं त्या. आल्या, मला मराठीत विचारलं, आडनाव काढून घेतलं, एकीला आमचं घराणं ठाऊक निघालं. तिच्या मांडीवर बसून मी खाजा खाल्ला. वडील आले तेव्हा मला उठायचंच नव्हतं.

लष्करवाली

आजोबा, हे वाचून लेकीला आत्ताच विचारलं, मम्मी का नाम क्या है? नीट सांगितलं. पप्पा का नाम? तेही सांगितलं, आडनावासकट. घर कहाँ है? म्हणाली, "लिफ्टच्या वर."

रविवारी परत जायचंय, नणंदेची रजई राहिली आहे. सहा जणांत एकाला नेमलंय, तो काहीच विकत घेणार नाही, पिशवी धरणार नाही, फक्त पोरं मोजणार. दुसऱ्याकडे सोपवताना "दिली" म्हणायचं, समोरच्यानं "घेतली" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. ह्यांना हे फार विनोदी वाटतंय. पहिली पाळी ह्यांचीच लावली आहे.